४६ म्हणजे कोण?

सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावास ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावची ४६ माणसे मेली, ही गोष्ट जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक असते. प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात हा आकडा हटकून येतो, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येतो, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही येतो. आमचा प्रश्न साधा आहे. हे ४६ म्हणजे कोण? अपशिंग्यातील घरांना आपापली माणसे ठाऊक असतील; प्रश्न गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या, भाषणे करणाऱ्या आणि ऐकणाऱ्या आपणा सर्वांना आहे. त्यांतील एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? तो सैन्यात जाण्यापूर्वी काय करीत होता, कोणत्या मुलखात मेला, गोळीने मेला की हगवणीने, मागे कोण राहिले, यांतील एका तरी प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ आहे काय?

नसेल, तर ज्याला आपण अभिमान म्हणतो तो केवळ बेरजेचा अभिमान आहे, असे आमचे म्हणणे आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी दोन महायुद्धांत माणसे गमावली, ती बहुतांशी कष्टकरी माणसे होती आणि त्यांचे चरित्र मराठीत लिहिले जावे एवढी योग्यता त्यांच्यात आहे असे आपल्या साहित्यव्यवहाराला कधी वाटलेच नाही. हा आरोप आम्ही विचारपूर्वक करीत आहोत.

महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविल्या. त्यांचा मजकूर ठरलेला असे. या गावातून अमुक इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांतील अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढेच. आकड्यापुरती जागा रिकामी ठेवायची आणि गावागणिक आकडा बदलायचा. सरकारी हिशेबाच्या दृष्टीने ही पाटी पूर्ण आहे. जितके नेले तितके मांडले, जितके खर्ची पडले तितके वजा केले. ज्या राज्याने माणसाकडे मनुष्यबळ म्हणून पाहिले त्याने आकडा कोरावा, यात नवल नाही. नवल याचे की ते राज्य १९४७ मध्ये गेले आणि आपण अजून तीच पाटी वाचून दाखवीत आहोत.

आता या अभिमानाच्या मुळाशी असलेला शब्द पाहू. ‘लढवय्या परंपरा’ हा तो शब्द. साताऱ्याच्या मातीतच शौर्य आहे, येथील रक्तच सैनिकी आहे, असे आपण उठताबसता म्हणतो. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, तेव्हापासून तर या समजुतीवर सरकारी मोहोरही उमटली. परंतु काही जाती रक्तानेच लढाऊ असतात आणि काही नसतात, हा सिद्धांत शिवकाळातला नव्हे. तो १८५७ नंतरच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचा आहे. या सिद्धांताचा अर्थ सोयीप्रमाणे कसा बदलतो हे पाहायचे असेल तर महारांच्या भरतीचा इतिहास पाहावा. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई सैन्यात असलेल्या महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागताच ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये पुन्हा महायुद्धाची निकड लागली, तेव्हा महार रेजिमेंट निघाली. पन्नास वर्षांत त्याच लोकांचे रक्त दोनदा बिनलढाऊ आणि दोनदा लढाऊ झाले! रक्त असे बदलत नसते; बदलली ती मागणी.

मागणीची दुसरी बाजू पुरवठ्याची. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस किती पडतो हे तेथील माणसाला सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात या भागातला कुणबी तलावाच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर खटाव तालुक्यात अशाच एका दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावांची मसूर स्थानकावर आणि पुढे बैलगाडीच्या प्रवासात जी विटंबना झाली, ती आपण वाचली आहे. त्या कथेतील जातीचा दाह आपल्या ध्यानात राहतो आणि राहिलाच पाहिजे. पण तिच्या पार्श्वभूमीला असलेले दृश्यही पाहण्यासारखे आहे. एका बाजूला पलटणीतून परतलेला सुभेदार आणि दुसऱ्या बाजूला पोटासाठी माती उपसणारी हजारो माणसे, एकाच तलावाच्या काठावर! १९१४ मध्ये पायदळातील शिपायास महिना ११ रुपये मिळत. ज्याच्या शेतात चार महिनेही काम नाही त्याला ११ रुपये ही मातीतून आलेली हाक वाटली असेल की मजुरी, हे ज्याचे त्याने ठरवावे. शौर्य नव्हते असे आम्ही म्हणत नाही. शौर्य हा त्याचा गुण होता, पण सैन्य हा त्याचा रोजगार होता आणि रोजगाराचा उल्लेख टाळून केवळ गुणाचे गोडवे गाणे ही त्याची प्रतारणा आहे.

हा मजूर पुढे कोठे गेला? सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागांतून भरलेल्या मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली त्या बगदादच्या दिशेने पुढे सरकल्या, टेसिफॉनच्या लढाईनंतर मागे आल्या आणि टायग्रिसच्या वळणावरील कूत या गावात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा पडला होता. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारले गेले. घोड्याचे मांस खाण्यास अनेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला आणि ते अशक्तपणाने व रक्तपितीने खंगले. शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांना वाळवंटातून चालविण्यात आले. वाटेत जे पडले ते तेथेच राहिले. जे वाचले त्यांतील पुष्कळ हिंदी शिपाई रास अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. म्हणजे ज्याने दुष्काळात खडी फोडली, खडी फोडणे टाळण्यासाठी जो बंदूक खांद्यावर घेऊन समुद्रापार गेला, त्याच्या हाती परक्या मुलखात पुन्हा घमेले आणि फावडे आले. शिपाईपण हा त्याच्या मजुरीच्या आयुष्यातील मधला काळ होता. या माणसाला केवळ ‘वीर जवान’ म्हणणे किती अपुरे आहे, हे येथे कळावे.

आणि त्याचे स्मारक? मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगे ठाऊक नसलेल्या सैनिकांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये मोठे स्मारक उभारले गेले. ४० हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. परंतु ३३ हजारांहून अधिक साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला नाव आले नाही. पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा आला. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकुमाने हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. दगड हलला, आकडा कायम राहिला. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या समितीने आपल्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली आणि आयोगाने माफी मागितली. अपशिंग्याचा आकडा आणि बसऱ्याचा आकडा ही एकाच वृत्तीची दोन टोके आहेत. एका टोकाला गाव आहे आणि माणूस नाही. दुसऱ्या टोकाला पलटण आहे आणि माणूस नाही.

साध्या शिपायाचे चरित्र लिहिता येते का, अशी शंका कोणी काढील. तिला उत्तर म्हणून त्याच युद्धातील एका इंग्रज कोळसाखाण कामगाराचे उदाहरण देतो. विल्यम हॅकेट त्याचे नाव. जन्म नॉटिंगहॅमचा, १८७३ चा. वीसहून अधिक वर्षे तो कोळशाच्या खाणीत उतरत होता. त्याला लिहितावाचता येत नव्हते. वय झाले म्हणून पायदळाने त्याला नाकारले. परंतु १९१५ मध्ये जर्मन खंदकांखाली भुयारे खणण्यासाठी इंग्रज सैन्याला खाणीतलीच माणसे हवी झाली आणि चाळिशी ओलांडलेला हॅकेट भुयारी तुकडीत गेला. जून १९१६ मध्ये फ्रान्समधील जिव्हांशीजवळ जर्मन सुरुंगाने त्याचे भुयार ढासळले. आत पाच जण अडकले. सुटकेसाठी खणलेल्या छिद्रातून हॅकेटने तिघांना बाहेर जाण्यास मदत केली. त्याला स्वतःला जाता येत होते. तो गेला नाही. थॉमस कॉलिन्स नावाचा जखमी सोबती आत होता. त्याच्याजवळ तो थांबला आणि पुढे उरलेले भुयारही कोसळले. दोघेही आजतागायत त्या मातीखाली आहेत. हॅकेटला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. प्लगस्टीर्टच्या स्मारकावर त्याचे नाव आहे आणि २०१० मध्ये भुयारी कामगारांचे वेगळे स्मारक जिव्हांशीला उभे राहिले.

येथे आम्हाला इंग्रजांची थोरवी गायची नाही. हॅकेटच्या शेजारी हरवलेले असंख्य खाण कामगार त्यांच्याही देशात दीर्घकाळ विस्मृतीत होते. मुद्दा असा की, ज्याने स्वतःच्या हाताने एक ओळही लिहिली नाही अशा मजुराचे जन्मगाव, त्याच्या खाणी, त्याची नापास झालेली भरती, त्याचा शेवटचा निर्णय हे सारे लोकांनी शोधून काढले, कारण ते शोधण्याजोगे आहे असे त्यांना वाटले. त्याच जून महिन्यात कूतचे कैदी वाळवंटातून चालले होते. त्यांतही आजारी सोबत्याजवळ थांबलेला कोणी साताऱ्याचा माणूस नसेल कशावरून? आपल्याला ते ठाऊक नाही, कारण आपण विचारले नाही.

आता एका आक्षेपाकडे वळू. तो उघडपणे क्वचितच मांडला जातो, पण सर्वत्र वावरतो. हे लोक इंग्रजांसाठी लढले, पगार घेऊन लढले. त्यांचे चरित्र आपण का लिहावे? दक्षिण साताऱ्यात, म्हणजे १९४९ मध्ये वेगळा जिल्हा होऊन १९६० मध्ये ज्याचे सांगली असे नामकरण झाले त्या भागात, हा आक्षेप अधिक धारदार होतो. १९४३ ते १९४६ या काळात येथे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार होते. कुंडलला तुफान सेना होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे लुटली गेली. त्याच वर्षी मराठा पलटणी इटलीत सांग्रो नदीवर लढत होत्या. एका शिवारातले दोन तरुण, एक इंग्रजांच्या विरोधात आणि एक इंग्रजांच्या सैन्यात, असे चित्र त्या काळात अशक्य नव्हते. पहिल्याला आपण स्वातंत्र्यसैनिक म्हटले, ताम्रपट दिला, त्याच्या आठवणी छापल्या. हे योग्यच झाले. दुसऱ्याचे काय करायचे हे न कळल्याने आपण त्याला ‘परंपरा’ या शब्दाखाली गाडून टाकले.

‘भाडोत्री’ म्हणून त्याला मोडीत काढणाऱ्यांनी १९१८ साल आठवावे. त्या वर्षी खेड्याच्या गावागावांत सैन्यभरतीसाठी हिंडणारे होते महात्मा गांधी. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमधील युद्धपरिषदेतून उठून गेले ते लोकमान्य टिळक; परंतु टिळकांचा विरोध भरतीला नव्हता, तर स्वराज्याच्या हक्काशिवाय भरती मागण्याला होता. देशातील सर्वांत जाणत्या माणसांना जो पेच सुटला नाही, तो ११ रुपयांच्या शिपायाने सोडवायला हवा होता, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? राजकीय विवेकाची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती भरल्या पोटाच्या माणसांपासून सुरू करावी.

आम्ही मराठी शिकविणारी माणसे आहोत, म्हणून अखेरचा आणि मुख्य आरोप साहित्यव्यवहारावर आहे. महायुद्धाच्या छायेतील मराठी कादंबरी म्हणून विद्यार्थ्यांना नेमून दिली जाते ती विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ ची ही कादंबरी थोर आहे यात शंका नाही. पण तिचे रणांगण म्हणजे युरोपातून निघालेल्या बोटीवरील प्रवाशांची मने. मराठी शिपायानेही बोटीतूनच प्रवास केला होता, मात्र त्याच्या बोटीकडे आपल्या अभ्यासक्रमाची नजर गेली नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. लहानपणी बापाबरोबर पायी मुंबई गाठणाऱ्या आणि पोटासाठी कोळसे वेचलेल्या या शाहिराला व्होल्गाकाठचा कामगार-सैनिक आपला वाटला. हे त्याचे मोठेपण. परंतु त्या पोवाड्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी तरी एकदा विचारावे की, वाटेगावच्या पंचक्रोशीतून त्याच युद्धात कोण गेले होते? शाहिराने रशियापर्यंत दृष्टी पोहोचविली. अभ्यासकांना वाळवे तालुकाही ओलांडता आला नाही.

बंगालीत काय घडले पहा. कूतच्या वेढ्यात आणि रास अल-ऐनच्या कैदेत शिशिर सर्वाधिकारी नावाचा बंगाली रुग्णसेवा पथकातील तरुण होता. त्याने जपलेल्या टिपणांवरून पुढे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक झाले. त्याच रणभूमीवर मराठा पलटणीही होत्या. फरक शौर्याचा नव्हता, अक्षराचा होता. बंगाली तरुण शिकलेला होता, आपला शिपाई बहुधा नव्हता. ज्याला लिहिता येत नव्हते त्याच्या वतीने लिहिणे हेच तर लिहिणाऱ्यांचे काम! व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ मध्ये ‘माणदेशी माणसं’ लिहून दाखवून दिले होते की, दुष्काळी मुलखातील सामान्य माणसाला नाव आणि चेहरा दिला की तो साहित्यात उभा राहतो. ही वाट दाखविल्याला पाऊणशे वर्षे झाली. त्या वाटेने माणदेशातून बसऱ्यापर्यंत कोणी गेले पाहिजे.

साधने नाहीत, ही सबब आता चालणार नाही. पहिल्या महायुद्धात शिपायाला मिळालेल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. गावाच्या पाटीवर जे नाही ते घरच्या पेटीतील पदकावर आहे. दुष्काळात सोनाराकडे गेलेल्या प्रत्येक पदकाबरोबर एक नाव वितळले असेल. जी उरली आहेत ती आज वाचली पाहिजेत. युद्धकबर आयोगाच्या नोंदवह्यांत अनेक हिंदी मृतांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. त्यांत साताऱ्याची गावे आहेत, भलेही इंग्रजी स्पेलिंगात ओळखू न येण्याइतकी वाकडी झालेली असोत. ते स्पेलिंग सरळ करून गाव ओळखण्यासाठी लंडनच्या तज्ज्ञाची गरज नाही. कराड, खटाव, तासगाव, शिराळ्याची बोली जाणणारा विद्यार्थी पुरे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबच्या नोंदवह्यांतून सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी २०२१ मध्ये लोकांपुढे येऊ लागल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी फिरून गोळा केल्या. निरक्षर बायकांचे शब्द टिपता येतात, तर बेपत्ता शिपायाचे नाव का टिपता येऊ नये?

म्हणून आमची मागणी भव्य नाही. नवे स्तंभ नकोत, नव्या कमानी नकोत, जवानांच्या पुतळ्यांसाठी वर्गणी तर नकोच. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी आणि इतिहास विभागांनी आपल्या पंचक्रोशीतील एक गाव घ्यावे आणि त्या गावाच्या आकड्यातील प्रत्येक माणसाविषयी पाच गोष्टी शोधाव्यात. नाव, जात न लपवता घर, भरतीपूर्वीचे काम, मृत्यूचे ठिकाण आणि मागे राहिलेली माणसे. पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाची, कारण ‘बेपत्ता’ या शब्दाचा अर्थ सरकारदरबारी एक आणि वाट पाहणाऱ्या बायकोच्या लेखी दुसरा असतो. एम. ए. च्या प्रकल्पासाठी त्याच त्या कवींच्या प्रतिमासृष्टीवर चाळीस पाने लिहून घेण्यापेक्षा अशी एका माणसाची चार पाने लिहून घेणे भाषेच्या दृष्टीनेही अधिक उपकारक होईल. त्यात पलटणीचे शब्द येतील, दुष्काळाचे येतील, पेन्शनीच्या कागदाचे येतील आणि शोकाचेही येतील.

ही नोंद पुरी झाली की मग खुशाल अभिमान बाळगावा. तोवर भाषणात ‘आमच्या ४६ वीरांनी’ असे म्हणणाऱ्या वक्त्याला श्रोत्यांपैकी कोणीतरी उभे राहून त्यांतील पहिल्याचे नाव विचारावे. उत्तर आले, तर टाळ्या वाजवाव्यात.